बोंबील मढवी, नर, वय अंदाजे चार

जांभळ्या बुचाची नळी, दीड मिली रक्त,
लेबलवर घाईतलं अक्षर:
बोंबील मढवी, दिवाळे कोळीवाडा, बेलापूर.
आमच्याकडे मालकाचं आडनाव कुत्र्याला लागतं,
फॉर्मचा रकानाच तसा आहे.
काल एक शेरू अय्यंगार होता, घणसोलीचा.
परवा नुसतीच 'काळी, सिग्नलजवळची',
तिच्या नावापुढे मी एक रेघ ओढून ठेवली.

रबाळे एमआयडीसी, दुसरा मजला.
खाली रबरी वॉशरचा कारखाना,
त्याचा वास आमच्या डब्यातल्या भेंडीलाही येतो.
इथे नमुने येतात, माणसं येत नाहीत.
गुलाबबाई आली.
कुरिअरवर तिचा भरवसा नव्हता.
खोका थर्माकोलचा, बर्फ मासळीचा,
नळी तीन पिशव्यांत गुंडाळलेली.
"ओठ वर करून बगला," म्हणाली,
"कल्ले पांढरे परले गो याचे.
मासा असता तर मी विकला नसता."

डॉक्टरांनी काच दोनदा पाहिली होती.
काचेवर काही नाही.
प्लेटलेट एकवीस हजार, ताप चढउतार, नाकातून एकदा रक्त.
कानामागची गोचीड तिने कधीच उपटून
मिठाच्या पाण्यात बुडवली होती.
गोचीड गेली. तिने आत ठेवलेला भाडेकरू राहिला.

"किती?"
सांगितलं.
"तेवढ्यात दोन सरंगे येतात,"
आणि तिने नोटा मोजल्या, ओलसर,
घासाघीस न करता. मला ते बरं वाटलं नाही.

रात्री अकरा. यंत्र तापतं, निवतं, तापतं.
पंचाण्णव अंशाला दोराचा पीळ सुटतो.
साठाला आमची वीस अक्षरं
कुत्र्याच्या अफाट अक्षरांत हिंडू लागतात,
धक्क्यावरच्या कालव्यात
कुणी एकाचंच नाव पुकारावं तशी.
ज्याचं नाव, तोच वळतो.
वळला की त्याचे दोन,
दोनाचे चार,
यंत्राला दुपटीखेरीज दुसरा पाढा येत नाही.

पडद्यावर रेघ आडवी.
दहावी फेरी, पंधरावी, ओहोटीचं पाणी.
खात्रीचा नमुना वेळेवर उठला.
नुसत्या पाण्याचा निजलेला, निजू दे.
चोविसाव्या फेरीला बोंबीलची रेघ
आधी जरा फुगली, मग सरळ वर.

मला आनंद झाला.
खोटं कशाला बोलू, टाळी वाजवावी इतका.
दोन काचांना चकवून बसलेला मी पकडला होता.
मग आठवलं की तो कुणाच्या तरी आत बसलाय.

एर्लिकिया: आहे.
बेबेसिया: नाही.
हेपॅटोझून: सदतीसला काहीतरी हललं,
पुन्हा लावलं, हललं नाही. लिहिलं: नाही.
त्या 'नाही'वर पेन जरा जास्त वेळ टेकला.

काळीची रेघ तर एकोणिसालाच उठली होती.
नळी आणून देणाऱ्या मुलाचा फोन लागत नाही.
तिचा अहवाल छापलाय, सही केलीय,
ड्रॉवरमध्ये आहे, कात्रीखाली.
सिग्नल कुठला, तेही कुणी लिहिलेलं नाही.

अठ्ठावीस दिवस गोळ्या, पोट भरल्यावर.
मग काही आठवड्यांनी पुन्हा जांभळं बूच,
पुन्हा तोच बर्फ, खवल्यासकट.
या खेपेला चाळीस फेऱ्या पाणी संथ.

फोनवर म्हणाली, "म्हंजे गेला ना?"

आता हिला काय सांगू,
की यंत्र फक्त या थेंबापुरतं बोलतं,
की प्लीहेच्या अंधारात कुणी दबा धरून असेल
तर त्याला आमची हाक पोचत नाही,
की मेलेल्याची अक्षरंही कधी कधी वळून बघतात
आणि जिवंत कधी कधी बघत नाही.

"या रक्तात नाही," म्हणाले.

पलीकडे कोयतीचा आवाज थांबला.
कुणीतरी गिऱ्हाईक भाव विचारत होतं.
"कल्ले लाल हायत," ती म्हणाली,
"मी बगलंय,"
आणि गिऱ्हाइकाकडे वळली.